तिला पोहता येत नव्हतं

मुलीला नोकरी लागली तेव्हा पाणी मोजायचं काम आहे, एवढंच मला कळलं. तिचे बाबा तहसील कार्यालयात चपराशी आहेत. त्यांनी तिच्या नोकरीचा कागद ऑफिसातल्या चार जणांना वाचून दाखवला आणि येताना पेढे घेऊन आले. मी सौंसरच्या एका अंगणवाडीत कार्यकर्ती आहे. पोरांची उंची घ्यायची, वजन घ्यायचं, हे माझं रोजचं काम. मला वाटलं, पाण्याचंही तसंच काही असेल. टाकीचं, नळाचं.

"कोठचं पाणी व?" मी विचारलं.

"गंगेचं," ती म्हणाली. "बिहारमधी, पाटण्याच्या खाली. रोज नदीची पातळी पाह्यची, आन् बोटीत बसून मधात जाऊन पाण्याचा वेग मोजायचा."

"बोटीत? तुले पोहता नाई येत."

"लाईफ जॅकेट देते ना आई."

तिला पोहता येत नव्हतं, त्याला कारण मीच होते.

मी अकरा वर्षांची असताना आईबरोबर निंदणाला जायची. शेतं कन्हानच्या पलीकडे होती आणि पूल बराच लांब, म्हणून सगळ्या बाया नदीतूनच जायच्या. त्या दिवशी परत येताना आम्ही सहा जणी हाताला हात धरून पाण्यात उतरलो. पाणी माझ्या कमरेच्या खाली होतं. वर चांगलं ऊन पडलं होतं. पण सातपुड्यात कुठंतरी पाऊस झाला होता, तो आम्हाला कुठून दिसणार? आधी आवाज आला, मग पाण्यावर फेस आणि पाला दिसला, आणि बघता बघता पाणी माझ्या गळ्याशी आलं. आईचा हात सुटला. मला आठवतं ते एवढंच की माझे डोळे उघडे होते आणि सगळीकडे चहासारखं तांबूस होतं. आईनं माझी वेणी पकडली आणि ओढलं. काठावर आल्यावर तिनं आधी माझ्या तोंडात मारली, मग मला धरून रडत बसली.

त्या दिवशी कोणी मेलं नाही. सांगण्यासारखं काही झालंच नाही, असं बाकीच्या बायांना वाटलं. मी मात्र त्यानंतर घोट्यापेक्षा वर पाण्यात कधी गेले नाही. मुलगी झाल्यावर तिलाही जाऊ दिलं नाही. एका उन्हाळ्यात तिच्या मैत्रिणी संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत पोहायला शिकत होत्या. ही सारखी मागं लागली. मी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, मला न विचारता कधी पाण्यात उतरणार नाही म्हणून. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

आम्ही तिला पांढुर्ण्याच्या स्टेशनवर सोडायला गेलो. तिथून इटारसी, इटारसीहून पाटण्याची गाडी. तिचे बाबा खिडकीशी उभे राहून सूचना देत होते.  गाडी हलली तेव्हा मी एवढंच म्हटलं, "बोटीत मधात बस, काठाले बसू नको."

पहिल्या काही महिन्यांत तिचे फोन नदीनंच भरलेले असायचे. देवप्रयागला दोन नद्या मिळून गंगा होते, यमुना प्रयागला मिळते, पुढे घाघरा, सोन, गंडक. सोन तर आपल्या मध्य प्रदेशातून, अमरकंटकाकडून येते. "एवढ्या साऱ्यांचं पाणी माझ्या मोजपट्टीवर येते आई," ती कौतुकानं सांगायची. मी लगेच विषय बदलायची. एक दिवस माझी समजूत काढायला म्हणाली, "आपली कन्हान वैनगंगेत जाते, मंग गोदावरीत, आन् गोदावरी बंगालच्या समुद्रात. गंगाबी तिकडेच जाते. म्हणजे आपण एकाच पाण्यावर आहो."

"मले नाई पाह्यजे तसलं नातं," मी म्हटलं. ती हसली.

एक गोष्ट मात्र मी पक्की लक्षात ठेवली. तिकडे ऊन असलं तरी नेपाळात पाऊस पडला की दोनतीन दिवसांनी तिची नदी चढायची. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी मोबाईलवर रोज सकाळी नदीची पातळी पाहायला शिकले. पावसाळ्यात धोक्याची खूण किती लांब आहे ते पाहिल्याशिवाय मला चहा जायचा नाही. नेपाळचा पाऊसही पाहायची. तिचे बाबा म्हणायचे, "तू काऊन जीव टांगून राहिली व? सरकारी काम हाय, लोकं असते सोबत." मी पुन्हा मोबाईल उघडायची.

दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, एक दिवस साडेदहाच्या सुमाराला तिचा व्हिडिओ कॉल आला. मी अंगणवाडीत होते. खिचडी शिजत होती. ती बोटीतून बोलत होती. बोटीत तिघं होते: ती, खात्यातले एक वयस्कर सहकारी आणि नाव चालवणारे चाचा. "पाह्य, आज किती मोठी झाली," म्हणत तिनं फोन फिरवला. पलीकडचा काठ दिसतच नव्हता. सगळं मातकट. बोटीच्या बाजूनं तारेला माशाच्या आकाराचं लोखंडी वजन सोडलं होतं आणि त्याच्यावर पाण्याचा वेग मोजायचं यंत्र, पंख्यासारखं फिरणारं.

"जॅकेट घातलं का?" मी विचारलं.

"घातलं ना. हे पाह्य."

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "पेड़! पेड़ आ रहा है!" चित्र उलटंपालटं झालं. मला आकाश दिसलं, एक हात दिसला, बोटीची कड दिसली. मग फोनचा पडदा काळा झाला.

मी परत लावला. लागला नाही. परत लावला. माझ्या मदतनीस बाईनं गॅस बंद केला आणि मला खाली बसवलं. मी नवऱ्याला फोन करून काय बोलले ते मला आठवत नाही. ते म्हणतात, मी फक्त "झाड आलं, झाड आलं" म्हणत होते.

तिच्या ऑफिसात फोन लागायला दुपारचा एक वाजला. तिथले साहेब खोटं बोलले नाहीत. "नाव अभी लौटी नहीं है," ते म्हणाले. "दूसरी नाव भेजी है. ढूँढ रहे हैं." संध्याकाळी पुन्हा तेच उत्तर. नवऱ्यानं फोन ठेवला आणि भिंतीला पाठ लावून बसले.   शेजारची बाई येऊन म्हणाली, "मी जामसांवलीच्या मारोतीले बोलून ठेवलं." आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, आम्ही वंदना घेतो, नवस करत नाही. पण मी तिला "बरं केलं बाई" म्हटलं. त्या दिवशी कोणी काहीही करा म्हटलं असतं तर मी केलं असतं.

रात्र कशी गेली ते लिहिण्यासारखं नाही. सकाळी मी अंगणवाडीत गेले, कारण घरात बसवत नव्हतं. एका पोराला मी दोनदा वाढलं आणि दुसऱ्याला वाढलंच नाही. ते पोरगं आपली ताटली पुढं धरून माझ्याकडे पाहत होतं. मी त्याच्यासमोर उभी होते आणि डोक्यात एकच चाललं होतं: विहिरीत शिकू दिलं असतं तर. त्या बागेतल्या मुली सगळ्या पोहत होत्या. माझ्याच मुलीला मी अडवलं होतं.

बाराच्या पुढे अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आई, मी आहो."

मी फोन दोन्ही हातांनी कानाला दाबला. ती म्हणत होती, "आई, आयकून राहिली ना? मी चांगली आहो."

झालं असं होतं. वाहत आलेलं झाड त्या तारेत अडकलं आणि बोट एका बाजूला कलली. चाचांनी कुऱ्हाडीनं तार तोडली म्हणून ती सरळ झाली, पण पाणी आत आलं होतं, फोन भिजले आणि इंजिन बंद पडलं. धारेनं त्यांना बरंच खाली नेलं आणि नदीच्या मधल्या एका दियाऱ्याला लावलं. दियारा म्हणजे नदीतलं वाळूचं बेट. लोक तिथं टरबूज, परवल पिकवतात, जनावरं ठेवतात. पुरामुळे उंचवटा तेवढा उरला होता आणि त्यावर पाचसहा घरांची माणसं म्हशींसकट बसून होती. त्यांनी या तिघांना चुडा, म्हणजे पोहे, आणि गूळ दिला. दुसऱ्या दिवशी चाऱ्याची नाव आली, तिच्यातून हे काठाला आले.

"भेव वाटलं का?" मी विचारलं.

 "बोट कलली ना आई, तवा मले वाटलं, आता संपलं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. मी तिला परत न्यायच्याच इराद्यानं गेले होते. नवऱ्याला तसं सांगितलंही होतं.

गंगा मी पहिल्यांदा पाहिली ती सकाळी, घाटावरून. पूर ओसरला होता, तरी मला खाली उतरवलं नाही. मी पायरीवर बसले. तथागतांनी पाटण्याजवळच ही नदी ओलांडली, असं आम्ही लहानपणापासून विहारात ऐकत आलो. मला तेव्हा ती कन्हानएवढी वाटायची. खाली माणसं आंघोळ करत होती, बाया कपडे आपटत होत्या, एक नाव वाळू भरून चालली होती, इतकी भरलेली की तिची कड पाण्याला टेकली होती. ती पाहून मी तोंड फिरवलं.

चाचा तिथंच भेटले. साठीचे, बारीक अंगाचे. त्यांचे आजोबा स्टीमरवर कामाला होते. पूल नव्हता तेव्हा स्टीमरच माणसं, गुरं, लग्नाची वऱ्हाडं पलीकडे न्यायचे. त्याच्याही आधी इंग्रज साहेबांच्या बोटी इथून अफू आणि नीळ भरून कलकत्त्याला जायच्या, असं ते सांगत होते. माझं तिकडे ध्यान नव्हतं. मी मधेच म्हटलं, "भैया, आपका बहुत उपकार है. लेकिन मैं बेटी को ले जाने आई हूँ."

त्यांनी बिडी विझवली. "ले जाइए, आपकी बेटी है," ते म्हणाले. "डर तो हमको भी लगता है बहनजी. लेकिन तैरना नहीं आता, ये बात ठीक नहीं है. साल भर से बोल रहे हैं, सिखा देंगे. कहती है, मम्मी ने कसम दी है."

मी मुलीकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. "मी नाई येत घरी आई," ती हळूच म्हणाली. "मले हे काम आवडते. पण तू हो म्हणशीन तर मी पोहायले शिकतो."

मला नाही म्हणायचं होतं. नाही हा शब्द माझ्या ओठावर आला होता. तेवढ्यात नवऱ्यानं माझा हात धरला, सगळ्यांच्या देखत, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

"शपथ सुटली," मी म्हटलं. "पण मी समोर बसीन."

सहा दिवस मी काठावर बसले. मुख्य धारेपासून दूर एक संथ पाण्याचा फाटा होता, तिथं चाचा तिला न्यायचे. चाचांची सूनही पाण्यात असायची. मुलगी बुडाली, वर आली, खोकली, पुन्हा बुडाली. दर वेळी तिचं डोकं पाण्याखाली गेलं की मी उठून उभी राहायची. दोनदा मी ओरडले, "काढा तिले बाहेर!" चाचांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी तिच्या पोटाखालचा हात काढून घेतला आणि ती चार हात गेली, मग दहा हात. पोहणं ते कसलं, कुत्र्याच्या पिलासारखं. पण ती वर होती. बाहेर येऊन लटलट कापत म्हणाली, "आई, पाह्यलं का?" मी पाहिलं होतं. माझ्या मुठीत वाळू होती आणि ती कधी घेतली ते मला ठाऊक नव्हतं.

निघायच्या दिवशी चाचांनी आम्हाला नदीवर फिरवून आणतो म्हटलं. नवरा लगेच तयार झाले. मुलीनं त्यांना जॅकेट घातलं, पट्टे ओढून पाहिले, मधात बसवलं. मला तिनं दोनदा विचारलं. मी बसले नाही. मला जमलंच नाही ते. मी पायरीवर तिघांच्या चपला सांभाळत उभी राहिले. बोट लहान होत होत धारेच्या मधात गेली, तिथं वळली, आणि काठाला लागेपर्यंत मी तिच्यावरची नजर काढली नाही.