डब्याची मागची बाजू

आमच्या गटातल्या शैलाताईंचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरला छापखान्यात उभी राहून पत्रकाचं प्रूफ वाचत होते. "प्रशांत गेला गं," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?" ऐकणाऱ्याला निर्दय वाटेल, पण बिल्डरांविरुद्ध पत्रकं काढणाऱ्या आमच्या गटात हा नियम प्रशांतनेच घालून दिला होता. बातमी दोन ठिकाणांहून आल्याशिवाय मानायची नाही, बिल्डरची माणसं काय वाट्टेल ते पसरवतात. तेव्हा दुसरं ठिकाण म्हणून मी त्याचाच नंबर लावला... फोन त्याच्या आईने, सुमनमावशींनी उचलला. "खरं आहे," मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या. साधा ताप, मग हॉस्पिटल, मग काहीच नाही. तिशीतला धडधाकट माणूस असा जातो? हॉस्पिटलचे कागद मी नंतर मागून घेतले आणि पुढून-मागून वाचले. काही सापडलं नाही. सापडलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

आमची ओळख विक्रोळीला, त्याच्या कॉलनीतल्या पुनर्विकासाच्या सभेत झाली. बिल्डरने गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक वाटलं होतं, सगळे त्यातला पोहण्याचा तलाव बघत होते. मागच्या रांगेतल्या एका किडकिडीत मुलाने पत्रक उलटं केलं आणि उभा राहिला. "इथे बारीक अक्षरात लिहिलंय, तलाव हे कल्पनाचित्र आहे. चला, मग आपण पण कल्पनेतच पोहू या!" सभा हसली, बिल्डरचा माणूस हसला नाही. तो प्रशांत. पुढे आम्ही कितीतरी पत्रकं एकत्र लिहिली. माझी भाषा भडक, त्याची थंड, आणि थंड भाषेलाच लोक जास्त घाबरायचे. बिस्किटाचा पुडा असो की लग्नाची पत्रिका, हा आधी उलटी करून बघणार. "पुढची बाजू त्यांची असते यार. आपली मागची."

अशा माणसाला सिनेमांच्या डिस्क जमवायचं वेड असावं, ह्याचा मला राग यायचा. मी तोंडावर बोलायचे, "तुझ्यासारखा माणूस ह्या चकचकीत डब्यांना भुलतो?" तो खांदे उडवायचा. त्यातच तो सिनेमा आला. म्हणजे सिनेमा जुनाच, प्रशांत शाळेत असताना त्यांच्या बिल्डिंगसमोर त्याचं शूटिंग झालेलं. तेव्हा तो कोणी पाहिला नाही, नंतर त्याचं कौतुक झालं, आणि आता संग्राहकांसाठी म्हणून त्याच्या दोन खास आवृत्त्या निघाल्या. एक पत्र्याच्या डब्यात, ती फक्त मालाडच्या एका मॉलमधल्या दुकानात. दुसरी पुठ्ठ्याच्या डब्यात, ती फक्त एका ऑनलाइन दुकानावर. ह्यात असलेलं त्यात नाही, त्यात असलेलं ह्यात नाही. ज्याला सगळं हवं त्याने दोनदा कापून घ्यायचं. माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं, मथळ्यासकट.

मी त्याच्याबरोबर मालाडला गेले ती पुरावा गोळा करायलाच. विक्रेता मागेच लागला, "सर, लिमिटेड आहे. नंतर मिळणार नाही."

"नंतर मिळणार नाही, असं आम्हाला बिल्डरने पण सांगितलं होतं," प्रशांत म्हणाला आणि डबा उलटा केला. पत्र्याच्या डब्यात सिनेमा पुरा होता, थिएटरमध्ये कापलेलं लांबलचक दृश्य धरून. त्यात त्यांची अख्खी बिल्डिंग दिसत होती... तीनही मजले, वाळत घातलेले कपडे, गच्चीवरच्या टाक्या. ती बिल्डिंग तर तोवर पाडलीही होती. मी म्हटलं, ठरलं, हाच घे. त्याने डबा परत फळीवर ठेवला.

"दुसरा मागवतो."

"डोकं फिरलंय का तुझं? ह्यात तुमचं घर आहे!"

"बिल्डिंग आहे. ती काय, फोटोत पण आहे."

"मग त्या पुठ्ठ्यात काय सोनं आहे?"

"भंगार," तो म्हणाला आणि हसला.

मला ते हसणं आवडलं नाही. अख्ख्या कॉलनीला बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस माझ्यापासून काहीतरी झाकत होता. कोणीतरी त्याच्या गळ्यात मारलंय, आणि फसल्याची लाज वाटते म्हणून बोलत नाही, असं मी धरून चालले. डबा आल्यावर चार वेळा म्हटलं, लाव की, बघू दे. "नंतर," तो म्हणायचा. ते नंतर आलंच नाही.

प्रशांतच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला काही आठवडे झाले असतील. मी मावशींकडे गेले, नव्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर. तिथे केदार बसलेला. हा मुलुंडचा, प्रशांतच्या डिस्कवाल्या ग्रुपातला. फार गोड बोलत होता. मावशी म्हणाल्या, "हा पश्याची आठवण म्हणून एक डबा मागतोय. मी म्हटलं ने बाबा, मला काय कळतंय त्यातलं." समोर टीपॉयवर तोच पुठ्ठ्याचा डबा होता. एवढ्या ढिगातून नेमका तोच! माझं डोकंच तापलं.

"हाच का रे?"

"असाच... हा आता कुठे मिळत नाही ना, म्हणून," केदार म्हणाला.

मी डबा उचलून उलटा केला. अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात: 'दुसरी डिस्क. चित्रीकरणातले वाया गेलेले तुकडे.' म्हटलं, आधी लावून बघू, मग कोणाला काय द्यायचं ते ठरवू. केदारनेच उठून प्लेअर जोडून दिला, हे मान्य करायला हवं.

पडद्यावर नट भिंतीला टेकून उभा. तोच तुकडा, पुन्हा पुन्हा. एकात कुत्रं आडवं जातं, एकात दिवा पडतो. मग एकात नट तोंड उघडतो, तेवढ्यात कॅमेऱ्याच्या मागून एक पोरगं बोंबलतं, "आईऽऽ, सायकलची किल्ली टाक!" कोणीतरी शुक् शुक् करतं. आणि वरून, खणखणीत, "थांब रे पश्या, हात पिठात आहेत माझे!" नट तसाच, गंभीर चेहऱ्याने उभा. "हं, झेल!" मग दगडी फरशीवर किल्ली पडल्याचा आवाज, आणि सगळं युनिट खो खो हसतं. बिल्डिंग कुठेच दिसत नाही.

मग मावशी म्हणाल्या, "झेलता कधी आलीच नाही मेल्याला." थोड्या वेळाने मला विचारलं, "हे माझ्यासाठी घेऊन ठेवलं होतं गं त्याने?"

मी हो म्हटलं. पण मला तसं वाटत नाही. त्याने ते स्वतःसाठी घेतलं होतं. आई थकली होती, गुडघे गेले होते, आणि मागे आपणच राहणार असा त्याचा हिशेब होता. वरून येणारा तो आवाज त्याला हवा होता... सगळ्यांच्या कागदांवर शंका घेणाऱ्याने आपल्याआधी आई जाणार ह्या एका हिशेबावर कधी शंका घेतली नाही.

केदार डबा न घेता गेला. त्याला आत काय आहे ते माहीत होतं की नव्हतं, मला कळलेलं नाही. त्याच्यावरचा माझा संशय अजून आहे.

रविवारी मी विक्रोळीला जाते. मावशी स्वयंपाकघरातून सांगतात, "लाव गं ते." पोरगं ओरडतं तसा आतला पोळपाटाचा आवाज थांबतो, मावशी पिठाचे हात पदराला पुसत दारात येतात आणि खिडकीकडे बघतात. त्या खिडकीला आता जाळी आहे, खाली चौदा मजले आहेत. डबा टीव्हीशेजारी उभा असतो, मागची बाजू पुढे करून. 'वाया गेलेले तुकडे' लिहिलंय त्यावर. एवढं धडधडीत खोटं मी आजवर कुठल्याच डब्यावर वाचलेलं नाही.