दादाच्या बेंचला पाडलेली भोकं

गल्लीतले लोक धाकट्याला 'चालतंय' म्हणत. कपाटाचं दार किंचित घासतंय? चालतंय. ड्रॉवर ओढताना जरा अडकतो? चालतंय. माणूस लाघवी, हात झपाट्याचा, त्यामुळे गिऱ्हाइकं हसून सोडून देत. खरं तर त्याचं आजवर निभावलं होतं ते थोरल्याच्या जिवावर. धाकट्यानं उरकलेलं काम थोरला न बोलता उलटंपालटं करून बघायचा, दोन ठिकाणी रंधा मारायचा, एखादी बिजागरी काढून पुन्हा बसवायचा, आणि मगच ते वर्कशॉपच्या बाहेर जायचं. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, आणि मिळाला की माणूस आळसावतो.

मग थोरल्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात मात्र मागे राहिला. बोटं मिटायची, पण पकड नव्हती. डॉक्टर म्हणाले, हात वापरत राहा, येईल हळूहळू. थोरल्याला हाताचा एकच वापर ठाऊक होता. पण रंध्याला दोन हात लागतात, आणि फळी दाबून धरायला तिसरा असता तर तोही लागला असता.

पडल्यापडल्या त्यानं तोड काढली. फळी सुतारकामाच्या बेंचनंच धरावी. बेंचच्या पुढच्या कडेनं भोकांची एक ओळ, लाकूड आवळायच्या शिकंज्याच्या बरोबर रेषेत. एका भोकात लाकडी खुंटी, शिकंज्याच्या सरकत्या जबड्यात दुसरी, मधे फळी. शिकंजा जेवढा उघडतो त्याहून दोन भोकांमधलं अंतर कमी ठेवायचं, म्हणजे फळी आखूड असो की लांब, कुठल्या ना कुठल्या भोकाशी ती आवळता येईल. खुणा त्यानं स्वतः उजव्या हातानं केल्या. ड्रिल मशीन मात्र एका हातानं पेलवेना, म्हणून ते काम धाकट्याकडे आलं. खुंटी अंगठ्यानं दाबली की खाली जावी आणि सोडली की डुलू नये, एवढंच माप त्यानं सांगितलं. वर बजावलं की भोक सरळ हवं, काटकोनाचा गुण्या लावून बघ. धाकटा म्हणाला, दादा, तू घरी जाऊन पड निवांत.

ड्रिलचं नेमक्या मापाचं बिट बोथट निघालं. पहिल्याच भोकात लाकूड करपल्याचा वास आला. धार लावायची तर वेळ जाणार, आणि संध्याकाळी एका गिऱ्हाइकाकडे कपाट पोचवायचं होतं. पेटीत एका नंबरानं मोठं बिट होतं. धाकट्यानं मनाशी म्हटलं, खुंटी सैल असलेली बरी, दादाला एका हातानं उपसायला सोपी. हा विचार त्याला इतका आवडला की त्यात आपली सोय किती आणि भावाची माया किती, हे त्यानं तपासलंच नाही. भोक तिरकं जाऊ नये म्हणून मशीनला ठोकळ्याचा आधार द्यायचा, तेही राहिलं. खुंट्या खुळखुळायला लागल्या, तेव्हा त्यानं त्यांना कागद गुंडाळून ठोकून बसवलं आणि कपाट घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला आला तो धुतलेला शर्ट घालून, सोबत वहिनी. फळी आवळली. रंधा उजव्या हातात, डावा त्याच्या पुढच्या मुठीवर नुसता टेकवलेला. पहिले हात सुरेख गेले, पातळ लांब साल निघाली आणि वहिनी किती तरी दिवसांनी हसल्या. मग थोरल्यानं अंगाचा भार टाकला. खुंटी मागे कलली, फळी उसळली, रंधा निसटला आणि थोरला छातीनं बेंचवर आदळला. हनुवटी सोलवटली, बाकी काही नाही. उठून त्यानं बेंचकडे पाहिलंच नाही. डाव्या हाताकडे पाहिलं.

"ह्यानं दगा दिला," तो म्हणाला.

भोकाच्या तोंडाशी फाटका कागद दिसत होता. धाकट्याला तो दिसला. आत्ता बोलावं असं त्याला वाटलंही. पण वहिनी रडत होत्या, दादाची हनुवटी पुसायची होती, पाणी आणायचं होतं. न बोलायला माणसाला कामं कमी पडत नाहीत. त्यानं खुंटी हळूच उपसून खिशात टाकली आणि पाणी आणायला गेला.

त्यानंतर थोरला वर्कशॉपकडे फिरकला नाही. धाकट्याचं मन त्याला खात होतं. बेंचवर जेवणाचा डबा उघडायचीही त्याला लाज वाटे, तो पायरीवर बसून जेवायचा. भोकं बुजवून नवी पाडली की दादाला बोलावू, कळणारही नाही, असं तो ठरवायचा. पण बुजवलेली भोकं दादाच्या नजरेतून सुटणार थोडीच!

एके दुपारी वहिनी आल्या. थोरला आता डावा हात कशालाच वापरत नाही, त्यांनी सांगितलं. शर्टाची बटणं त्याच लावून देतात. हत्यारं लाकूडवाल्याला देऊन टाकायची ठरवलीत, तो उद्या न्यायला येणार.

"काल हात आपसूक कपाकडे गेला, तर त्यांनी त्याच्यावर फाडकन चापट मारली," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही समजवा. तुमच्या शब्दाबाहेर नाहीत ते."

धाकट्यानं ठेवून दिलेली ती खुंटी काढून खिशात टाकली. तो तसाच, भुसा लागलेल्या कपड्यांनी, त्यांच्याबरोबर निघाला. वाटेत त्यानं चारपाच तऱ्हांनी बोलणं जुळवलं, आणि सगळ्यांत बिटाचा दोष होता.

थोरला खिडकीशी बसला होता, डावा हात चादरीखाली. त्याला पाहिल्यावर जुळवलेलं सगळं धाकटा विसरला. त्यानं कागद गुंडाळलेली खुंटी दादापुढे ठेवली.

"भोकं मी मोठी पाडली, दादा. वर तिरकी. कागद लावून लपवलं. म्हणून फळी उसळली. तुझा हात चुकला नव्हता."

थोरल्यानं खुंटीवरचा कागद सोलून काढला.

"मी पडलो तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

आता दादा मारेल, असं धाकट्याला वाटलं. मारावं, अशी त्याची इच्छा होती, फार इच्छा होती. थोरल्यानं चादर बाजूला केली, डावा हात उजव्यानं उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्या एकेका बोटावरून अंगठा फिरवत बसला.

"काय काय बोललो रे मी ह्याला," तो म्हणाला. मग वहिनींकडे न बघता म्हणाला, "लाकूडवाल्याला सांग, येऊ नको म्हणावं."

धाकट्याला रडू फुटलं. तो खाली बसला आणि दादाचा हात धरायला त्यानं हात पुढे केला. थोरल्यानं डावा हात अलगद पोटाशी ओढून घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "ह्याला नको हात लावूस अजून."