खामगावहून बदलून आणलेला कीबोर्ड

माझ्या लोणारच्या दुकानात टेबलाखाली एक जुना कीबोर्ड आहे. दर दिवाळीला बायको तो भंगारात काढते आणि मी परत आणून ठेवतो. तो मी भांडून मिळवला आहे. ज्याच्याशी भांडलो, त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

तहसीलसमोर टाइपरायटर घेऊन मी नऊ वर्षं बसलो. मग समोरच्या गाळ्यात एकाने कॉम्प्युटर आणला आणि माझी गिऱ्हाइकं माझ्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडू लागली. मीही टाइपरायटर विकला, गाळा घेतला आणि खामगावच्या एका व्यापाऱ्याकडे जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर पाहायला गेलो. घासाघीस करायची मला लाज नाही. दोनदा पायऱ्या उतरलो, दोनदा त्याने परत बोलावलं. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, या भावात विंडोज नाही बसत. लिनक्स टाकून देतो. फुकटचं असते, सारं चालते."

"प्रिंटर बी?"

"हाव ना!"

गाळ्यात आणून लावला, तर प्रिंटर ढिम्म. तीन दिवसांवर बाजार होता. खेड्यापाड्यांतली माणसं त्या दिवशी अर्ज करायला येतात. त्या दिवशी कागद निघाला नसता, तर ती समोरच्याकडे गेली असती आणि तिकडचीच झाली असती. परत बसायला टाइपरायटरही उरला नव्हता.

व्यापाऱ्याला फोन लावून तोंडाला येईल ते बोललो. "ड्रायव्हर टाका लागते," एवढंच म्हणून त्याने तीन ओळी सांगितल्या. स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात त्या जशाच्या तशा लिहायच्या. मी त्या वहीत उतरवल्या. पहिली ओळ नीट उमटली. मग कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. पासवर्ड सगळा आकड्यांचा, व्यापाऱ्यानेच चिठ्ठीवर लिहून दिलेला. मी आकडे दाबले. काही उमटेना. साधा ठिपकाही नाही. आकड्यांची बटणंच मेलेली आहेत, असं मी ठरवून टाकलं. ती बटणं दुसऱ्या एखाद्या खिडकीत दाबून पाहायचा धीर मला कुठला!

दुसऱ्या दिवशी कीबोर्ड पिशवीत घालून एसटीत बसलो, मेहकरला गाडी बदलली आणि खामगावला त्याच्या दुकानात उभा राहून ओरडलो. त्याने दोनदा तोंड उघडलं, मी दोनदा बंद केलं.

"आकडे उमटत नाहीत?" त्याने शेवटी विचारलं.

"एक बी नाही!"

त्याने शांतपणे खोक्यातून नवा कीबोर्ड काढून दिला. मी माऊसखालची चटईही मागून घेतली. परतीच्या गाडीत मी राजा होतो.

बाजाराच्या दिवशी सकाळीच दुकान उघडलं. एक म्हातारी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करायला पायरीवर येऊन बसली होती. नव्या कीबोर्डवर आकडे दाबले. पुन्हा काही नाही. मी कीबोर्ड उचलून आपटणार, तेवढ्यात झाडू मारत असलेली बायको म्हणाली, "थांबा. सरका तिकडं."

"अवं, काई दिसत नाही त्यात!"

"नसन दिसत. तुमी आकडे वाचा."

"न दिसता काय टाकतं?"

"पेटीत पत्र टाकता तवा आतलं दिसते काय तुमाले?"

मी चिठ्ठी वाचली. तिने एकेक आकडा दाबला आणि एंटर मारलं. काळ्या खिडकीत ओळीच ओळी धावू लागल्या. तिसऱ्या ओळीनंतर प्रिंटर कण्हला आणि म्हातारीचा अर्ज गरमागरम बाहेर आला. त्या दिवशी रस्ता ओलांडून कोणी गेलं नाही.

महिन्याभराने टोनर आणायला खामगावला गेलो. व्यापाऱ्याने विचारलं, "काय भाऊ, नव्या कीबोर्डवर दिसतात का आकडे?" मागची दोन माणसं माना खाली घालून हसत होती. म्हणजे याला माहीत होतं. त्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाकताना दिसतच नसतो, हे एक वाक्य त्याने मला सांगितलं नव्हतं.

"दिसतात," मी म्हटलं. "टपोरे दिसतात." आणि टोनरचा भाव पाडूनच उठलो.

"तुमी बोलू देल्लं असतं तं त्यानं सांगतलं असतं," असं बायको आजही म्हणते. मला ते मान्य नाही.

तो कॉम्प्युटर गेल्या वर्षी बंद पडला. नव्यात विंडोज आहे. प्रिंटरची वायर लावली की तो आपोआप ओळखतो. सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण लिनक्सवर स्कॅनर बसवताना, मराठी अक्षरं घालताना कितीतरी सकाळी आम्ही दोघं त्या वहीवर वाकलेलो असायचो. मी वाचायचो, ती टाकायची आणि दोघंही श्वास रोखून ओळी धावायची वाट पाहायचो. आता ती तिच्या टेबलावर असते, मी माझ्या. मला कोणी आकडे वाचायला सांगत नाही.

या दिवाळीलाही कीबोर्ड भंगारात निघाला होता. या वेळी मात्र मी तो परत आणायला गेलो, तर तिनेच फडक्याने पुसून ठेवलेला दिसला.