मुनीब मिस्त्रीनं दाखवलेली जागा

बायजीपुऱ्यातल्या त्या गल्लीत मुनीब मिस्त्रीला ओळखत नाही असं एकही घर नव्हतं. मिसरूड फुटायच्या वयात तो सिल्लोडहून आला, मेहुण्याच्या हाताखाली नळकाम शिकला आणि इथंच राहिला. नळ गळो, टाकी तडको, लग्नाच्या मांडवात पाणी न्यायचं असो, लोक त्यालाच हाक मारायचे. मात्र एक रीत इतक्या वर्षांत मोडली नव्हती. दारात खाकरून थांबायचं, आतल्या बायका बाजूला झाल्या की मगच पाऊल टाकायचं. त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नव्हता. उलट अदबीचा माणूस म्हणून इज्जतच होती.

मग घरोघरचे जुने पाणीमीटर काढून नवे बसवायचं काम निघालं. ठेकेदाराच्या माणसांबरोबर करमाडची तनुजा आली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात पाना. मुनीब चौकातल्या हॉटेलात बसून बघत होता. तनुजानं गल्लीतल्या वडीलधाऱ्या नजमुन्निसा आपांच्या दाराची कडी वाजवली आणि आपांनी तिला हाताला धरून थेट आत नेलं. बऱ्याच वेळानं ती ओढणीला हात पुसत बाहेर आली.

"आपांनी चुलीपाशी बसवून खिचडी-खट्टा खाऊ घातला," ती सोबतच्या माणसाला हसत म्हणाली.

मुनीबनं अर्धा चहा तसाच खाली ठेवला. त्या स्वयंपाकघरातला नळ त्याच्याच हातचा होता, पण तिथं त्याला कुणी घास विचारला नव्हता. त्याचा कप नेहमी उंबऱ्यावर यायचा.

पुढं पुढं हे वाढतच गेलं. मीटर बसवून झाला की बायका तनुजाला म्हणायच्या, "बेटी, मोरीतला नळ पण बघ ना जरा." तीही बघायची. मुनीबचा फोन दिवसदिवस वाजेना. नवा मीटर पाणी नसलं तरी नुसत्या हवेवर पळतो आणि बिल वाढवतो, असं तो हॉटेलात सांगू लागला. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन मीटर बसवून घ्यायचे.

एका सकाळी तनुजाच त्याच्यापाशी आली. "चाचा, आपांच्या घराम्होरं खणायचंय. मोठी लाईन कुठून गेलीय? नकाशावरून काय कळंना. समदे म्हनतेत, तुमालाच ठाव हाय."

मुनीबनं तिच्याकडं पाहिलं. लाईन कुठं होती ते त्याला पक्कं माहीत होतं. "नालीच्या अलीकडं खणा बिनधास्त," तो म्हणाला. "तिथं कायबी नाय."

पहार पडली आणि पाण्याचा फवारा वर उसळला. नेमका पाण्याचा वार होता. कित्येक दिवसांनी आलेलं पाणी चिखल होऊन नालीत चाललं. घागरी घेतलेल्या बायका ओरडू लागल्या. आपाही दारात येऊन कडाडल्या, "काम येत नाही तर हात कशाला लावता?"

मुनीबला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हेच तर त्याला हवं होतं. तनुजा खड्ड्यात गुडघ्यांवर बसून फुटक्या पाइपावर गोणपाट दाबत होती, नखशिखांत भिजली होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. आता ही सगळ्यांसमोर बोलणार, असं त्याला वाटलं.

"चाचा," ती म्हणाली, "वॉल्व्ह कुठंय? ते तरी खरं सांगा."

मुनीब पळाला. वॉल्व्ह बंद केला, खड्ड्यात उतरला, तिच्या शेजारी बसून जोड मारला.

"आखिर अपने मुनीबभाईच काम आए," आपा म्हणाल्या. बाकीच्यांनीही री ओढली. तनुजा ओढणी पिळत होती. मुनीबला ती वाहवा सहन होईना.

"आपा, हिची चूक नाय," तो म्हणाला. "जागा मी दाखवली."

"चुकून झालं असेल."

"नाय. मुद्दाम."

"क्यों भाई?" आपांनी विचारलं.

"तुम्ही हिला चुलीपाशी बसवून खाऊ घातलं," तो बोलून गेला. "मला इतक्या वर्षांत नाय."

एक बाई फिसकन हसली. आपा मात्र हसल्या नाहीत. वळून आत गेल्या. मुनीब चिखलाच्या पायांनी मान खाली घालून घरी निघून गेला.

नंतर बरेच दिवस त्याला कुणी कामाला बोलावलं नाही. आली ती तनुजाच. "चाचा, पल्याडच्या गल्लीत काम लागलंय. लाईन दाखवाया चला." बोलण्यात राग नव्हता, गोडवाही नव्हता.

तो गेला. तिथंही बायका तिला आत घेत, आणि बाहेर उभ्या मुनीबला आत काहीतरी चावल्यासारखं व्हायचं. ते काही थांबलं नाही. पण लाईन तो बरोबर दाखवायचा. तरी पहार लावण्याआधी तनुजा खाली बसून हातानं माती उकरायची, पाइप लागतो का चाचपायची. मुनीब शेजारी उभा राहून बघायचा.