मेंढीनं पसंत केलेलं अंगण

अवसरीच्या घरापुढं छापाचं काँक्रीट करायचं होतं. ठेकेदारानं दोन नमुने ओतून दाखवले. एकावर दगडी फरशीचा छाप आणि काळे रुंद सांधे, दुसरा नुसता मातकट. मला काळे सांधेच आवडले. वडील उठले आणि कळपातली उरलेली एकुलती म्हातारी मेंढी घेऊन आले. काळ्या सांध्यापाशी ती थबकली, मातकटावरून सरळ चालत गेली.

"मेंढरू बुजतंय. ह्यो नगं."

"आबा, अंगण मानसांसाठी हाय!" मी तडकलो. तरी मातकटच केलं.

परवा आळेफाट्याच्या हॉटेलात काळ्या पट्ट्यांच्या फरशीपुढं वडील थबकले.

"हितं खड्डा हाय का रं?" म्हणत त्यांनी माझा हात घट्ट धरला.

मेंढी कुणासाठी चालवून पाहिली होती, ते माझ्यासारख्या गाढवाला तेव्हा कळलं.