पपईची फोड आन् खंबाटकीचा बोगदा

शहाणी माणसं माझ्या चुलीपाशी आली की काहीतरी करून जातात आन् ते खरकट्यागत मागं राहतं. भांडी घासून होतात, किस्से न्हाईत. पण यंदा तेच किस्से कामी आले. नात प्रियांका केमिस्ट्रीच्या तोंडी परीक्षेत नापास झाली. सरांनी विचारलं, एन्झाइम काय करतं? ही म्हणाली, "उष्णता देतं." तिचा बाप तानाजी, म्हणजे माझा लेक, गरजला, "परत नापास झाली तर शिक्षण बंद. कोरेगावचं स्थळ बघणार."

मी म्हटलं, "पोरी, पुस्तक मीट. तुझ्या बापापासनंच सुरू करू."

*

तानाजी फौजेतनं रिटायर. जत्रेला जून बोकड पडलं. मटण शिजता शिजंना. ह्याचं एकच, "जाळ वाढवा!" निम्मी लाकडं संपली, मटण चामड्यागतच. मी माझ्या वाट्याच्या मटणाला आधीच कच्च्या पपईची फोड वाटून चोळली होती. माझं पातेलं थोड्या जाळावर कवाच उतरलं.

"आई, फौजेत आमी असंच शिजवायचो."

"म्हणूनच शत्रू पळाला असंल."

*

सून मंगल लय हुशार. तिनं ते बघून ठेवलं आन् पुढच्या वेळी पपई टाकली, पण खदखदत्या रश्श्यात.

"आत्याबाई, तुमची पपई चालंना."

"उकळत्यात टाकून मारलीस. आता ती काम कशी करंल?"

*

मग तानाजीनं अख्खी पपई चोळली आन् सकाळपासनं दुपारपर्यंत मटण तसंच ठेवलं. पंगतीत ते पळीनं वाढायला लागलं.

इस्लामपूरचे पाहुणे म्हणाले, "पिठलं झ्याक झालंय. मटण कवा वाढताय?"

*

हे ऐकून पोरीनं वहीत एक डोंगर काढला. अलीकडं जून मटण, पलीकडं मऊ; तिकडं जायला हा चढावा लागतो म्हणे, तेवढी एनर्जी लागती. पपईतलं एन्झाइम आलं की डोंगर बुटका.

मी म्हटलं, "ही तर आपली पुण्याच्या वाटंवरची खंबाटकी. बोगद्यातनं गेलं की घाट चढायला नको. सातारा तिथंच, पुणं तिथंच."

"मग बोगदा गाडी ढकलतो का, आजी?"

"तो कशाला ढकलंल? आन् एक गाडी गेली म्हणून संपतो व्हय? मागची पण त्यातनंच जाती."

"सरांनी असं का सांगितलं नाही?"

"ते पुण्याला जाताना येष्टीत झोपत असतील."

*

परीक्षेला तेच सर. "एन्झाइम एनर्जी देतं?"

"नाही सर. चढ कमी करतं. अलीकडचं अलीकडं, पलीकडचं पलीकडं. आणि स्वतः संपत नाही."

"उदाहरण?"

हिनं पपई सांगितली. उकळत्यातली सांगितली, पिठल्याची पण सांगितली. सरांनी पेन खाली ठेवलं, दाराकडं बघितलं आन् आवाज बारीक केला.

"किलोला केवढी फोड?"

"आधी मार्क लिहा, सर."