अकोल्यात आलेला फोन

बापूसाहेब वकिलांना कुठलीही गोष्ट पहिल्या झटक्यात मान्य नसायची. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, ताटात भाकरी वाढली तर "पोळी कावून नाही?" आणि पोळी वाढली तर "भाकरी संपली काय?" अकोल्याच्या कोर्टात तर समोरच्या वकिलानं तोंड उघडायच्या आत ते हरकत घ्यायला उभे राहिलेले असत. एकदा न्यायाधीश हसून म्हणाले, "वकीलसाहेब, त्यांनी अजून प्रश्न विचारलेला नाही." बापूसाहेब म्हणाले, "विचारणार आहेत ना, साहेब. चेहऱ्यावरच दिसून राहिलं."

मी मूळची अमरावतीची. लग्नानंतर अकोल्याला आले आणि त्यांच्या ऑफिसात ज्युनियर म्हणून लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "घाबरली काय?" मी नाही म्हटलं. "खोटं नको बोलू. घाबरलेला वकील चांगला. तो कागद दोनदा वाचते." कोर्टात त्यांची मराठी अगदी पुस्तकी असे, ऑफिसच्या पायरीवर पाय ठेवला की वऱ्हाडी सुरू.

कोर्ट सुटल्यावर चहा आणि चहाबरोबर जगाचं राजकारण, हा त्यांचा नेम. अमरावतीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले त्यांचे एक मित्र दर शनिवारी एसटीनं येत. त्यांना आम्ही सगळे प्रोफेसरच म्हणायचो. परदेशातल्या कुठल्या तरी हुकूमशाही राजवटीनं माणसं उचलली, वर्तमानपत्रं बंद पाडली, की प्रोफेसर तळमळत. मोठ्या लोकशाही देशांनी अशांशी व्यापार तोडला पाहिजे, पळून येणाऱ्यांना आसरा दिला पाहिजे, असं ते पोटतिडकीनं सांगत.

बापूसाहेब बशीत चहा ओतत म्हणायचे, "हे गोरे लोक सकाळी निषेध करतात अन् दुपारी त्याच देशाचा माल बंदरावर उतरवून घेतात. कोणाच्या नादी लागता?"

"मग काय, जगानं नुसतं बघत बसायचं?"

"आपल्या घरात घुसले होते तेव्हाही ते आमी सुधरवायले आलो म्हणूनच सांगत होते. मले त्यांचा जुलूम नको अन् त्यांची कळकळही नको. ज्याचं घर त्यानं पाहावं."

यावर प्रोफेसर टोपी उचलून निघायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यायचे.

बापूसाहेबांचा मुलगा अनिकेत युरोपातल्या एका लहानशा देशात इंजिनियर आहे. तिथे त्याचं एका मुलीशी जमलं. ती त्या देशाची नव्हे. तिचा देश दुसरा, मोठा, दिवसेंदिवस बळकट होत चाललेला, आणि तिथे सरकारविरुद्ध ब्र काढायची सोय नाही. त्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिची आई अजून तिथे आहे. तिचं नावही लिहीत नाही. घरात तिला सगळे सूनबाईच म्हणत, तेच बरं.

लग्न अकोल्यात झालं. बापूसाहेबांनी आधी अर्थातच नकार दिला आणि मग सगळ्यांत जास्त नाचले तेच. मुलीचे आईवडील आले होते. वडील डोळ्यांचे डॉक्टर, बुटके, हसरे. बापूसाहेबांना त्यांची भाषा येत नव्हती आणि डॉक्टरांना इंग्रजीही धड येत नव्हतं. पण डॉक्टरांनी बॅगेतून लाकडी बुद्धिबळ काढलं आणि दोघे व्याही व्हरांड्यात जे बसले ते जेवायलाही उठेनात. चाल चुकली की डॉक्टर आपल्या भाषेत हळहळत आणि बापूसाहेब वऱ्हाडीत त्यांना झापत. शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागेत नेलं, तर डॉक्टरांनी झाडाखाली बसून इतकी संत्री खाल्ली की बागवानच हसायला लागला. निघायच्या दिवशी डाव चालू असतानाच स्टेशनवर न्यायला गाडी आली. बापूसाहेब म्हणाले, "मोडू नका, पुढच्या वेळी इथूनच सुरू." सूनबाईनं ते वडिलांना सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावून सोंगट्यांवर स्वतःच्या हातानं रुमाल पसरला.

सूनबाईनं मराठी काकूंकडून फोनवर उचललं, त्यामुळे ती थेट वऱ्हाडीच बोलायची. "बाबा, तुमी कावून जेवले नाई?" असं तिनं विचारलं की बापूसाहेब मला डोळ्यांनी खुणावत: ऐकलं?

मग तिच्या गावाकडे धरपकड झाली. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी नाहीशा झाल्या. सूनबाई अनिकेतच्या शहरात, चौकात, त्यांची नावं लिहिलेला फलक घेऊन उभी राहिली. तिच्या देशाच्या वकिलातीतला एक माणूस तिच्यावर पाळत ठेवू लागला, तिचा फोटो कुठे तरी छापून आला आणि आठवडाभरात डॉक्टरांना घरातून नेलं. काही दिवसांनी तिला वडिलांचा फोन आला. आवाज त्यांचाच होता, पण वाचून दाखवल्यासारखा. "मुली, हे थांबव."

ती त्या लहान देशातल्या पोलिसांकडे गेली. त्यांनी तिला खुर्ची दिली, कॉफी दिली, तक्रार लिहून घेतली आणि सांगितलं की आमच्या भूमीवर काही गुन्हा घडलेला नाही. त्याच सुमारास तिथले मंत्री व्यापाराच्या करारासाठी तिच्या देशात गेले. परत आल्यावर पत्रकारांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आम्ही मुद्दा मांडला." कराराचं काय, तर तो झाला.

हे सगळं ऐकून प्रोफेसर संतापले.  आपलंच म्हणणं खरं ठरलं, असं बापूसाहेबांनी मात्र एकदाही म्हटलं नाही.

पुढे त्या युरोपीय देशाच्या संसदेच्या एका समितीनं सूनबाईला बोलायला बोलावलं. ते कळलं त्यानंतरची ही दुपार. आम्ही ऑफिसात एका जामीन अर्जावर बसलो होतो. बापूसाहेबांना कमी ऐकू येत असे, म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवूनच बोलत. फोन वाजला. पलीकडून स्वच्छ, अदबशीर हिंदी.

"वकीलसाहब, नमस्कार. डॉक्टरसाहब आपको बहुत याद करते हैं."

बापूसाहेबांचा चेहरा उजळला. "कुठे आहेत? सुटले?"

"ठीक हैं. आराम से हैं. कहते हैं, शतरंज की वह बाज़ी अधूरी रह गई. आपने रुमाल तो नहीं हटाया?"

 रुमालाची गोष्ट घरातल्या माणसांना आणि मलाच काय ती माहीत. ती त्या माणसापर्यंत कशी पोचली असेल, डॉक्टरांकडून ती कोणी, कुठल्या खोलीत, कशी काढून घेतली असेल, हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. मी बापूसाहेबांपुढे पाण्याचा तांब्या केला.

"तुम्ही कोण बोलताय?" त्यांच्या तोंडून कोर्टातली मराठी आली.

"शुभचिंतक समझिए. बहू आपकी बात मानती है. उसे समझाइए, समिति में न जाए. सबका भला होगा." आणि फोन ठेवला. नंबर परदेशी होता. उलटा लावला तर लागेना.

  बापूसाहेब म्हणाले, "अकोल्यात? माह्या ऑफिसात?" एवढंच, दोन-तीनदा.

संध्याकाळी त्यांनी सूनबाईला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "बाबा, मी काय करू?"

"मले नाई समजून राहिलं, पोरी," ते म्हणाले. "तू बोल म्हणू तर तुहा बाप त्यांच्या हातात आहे. चूप राय म्हणू तर आज चूप राह्यलो म्हणून ते त्याले सोडणार आहेत काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्ता काढला. सूनबाईनं समितीपुढे जायचं नाही. जायचं त्यांनी. "फोन मले आला. माहं कोणी तिथं राहत नाही. माहं ते काय बिघडवणार?" काकू म्हणाल्या, "अन् डॉक्टर? ते कोणाचे?"  त्यावर त्यांनी पुन्हा सूनबाईला विचारलं. तिनं एक दिवस मागितला आणि मग 'हाव' म्हणून होकार दिला.

समितीशी बोलणं संगणकावरून झालं, आमच्याच ऑफिसात. बापूसाहेबांनी उन्हाळ्यातही काळा कोट घातला होता. ते सावकाश, इंग्रजीत बोलले. फोनवरचं वाक्य न् वाक्य सांगितलं. मग एका सभासदानं विचारलं, की आमच्यासारख्या देशानं दुसऱ्या देशाच्या कारभारात हात घालावा, असं तुमचं म्हणणं आहे का?

बापूसाहेब म्हणाले, "नाही. मी आयुष्यभर याच्या उलट भांडत आलो. त्यांचं घर तुम्ही सुधारा, असं मी म्हणत नाही. तुमचं घर तुम्ही सांभाळा, एवढंच म्हणतो. ही मुलगी तुमच्या घरात राहते. तुमच्या चौकात उभी राहिली म्हणून तिचा बाप उचलला गेला. आणि तुमचे पोलीस तिला सांगतात की आमच्याकडे काही घडलं नाही. तिच्यावर पाळत ठेवणारा माणूस तुमच्याच शहरात राहतो, तुमच्याच विमानतळावर उतरतो. त्याला परत पाठवा. धमकीला गुन्हा म्हणा. आणि पुढच्या करारावर सही करायच्या आधी डॉक्टरांना भेटायची अट घाला. सही झाल्यावर मुद्दा मांडून उपयोग नसतो, हे तर आमच्या कोर्टातला नवा वकीलसुद्धा जाणतो."

पलीकडे कोणी तरी टिपणं घेत होतं. अध्यक्षबाईंनी आभार मानले. प्रोफेसर अमरावतीहून मुद्दाम आले होते. त्यांनी बापूसाहेबांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढे त्या युरोपीय देशानं सूनबाईच्या देशाच्या वकिलातीतल्या त्या कर्मचाऱ्याला घालवून दिलं. धमकीविरुद्धच्या कायद्याचा मसुदा आला. आम्ही पेढे आणले नाहीत, पण आणावेसे वाटले होते. मग एका सकाळी सूनबाईच्या आईचा फोन आला. फक्त एक वाक्य: वडील गेले. हृदय बंद पडलं असं कागदावर लिहिलं होतं. देह दिला नाही.

बापूसाहेब मला म्हणाले, "मी बोललो म्हणून काय गं?"

  वकिलांच्या खोलीत बापूसाहेबांनी शोकसभा घ्यायला लावली. अकोल्यातले सगळे वकील, ज्यांना त्यांनी कधी ना कधी कोर्टात छळलं होतं, ते एका अनोळखी डॉक्टरासाठी मान खाली घालून उभे राहिले.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं ऑफिसात असताना फोनवर तो आवाज पुन्हा आला. "बहुत अफ़सोस हुआ, वकीलसाहब."

"माणूस मारला तुमी!" बापूसाहेब ओरडले. "आता कायचं भेव दाखवता?"

"उनकी पत्नी अब अकेली रह गई हैं," आवाज तितकाच अदबशीर होता. "ख़याल रखना पड़ता है."

त्यानंतर बापूसाहेब कोर्टात जात, पण हरकत घ्यायला उभे राहिले तरी मध्येच खाली बसत. पावसाळ्यात छातीचं दुखणं निघालं आणि ते अंथरुणाला खिळले. सूनबाई आली. दिवसभर त्यांच्या उशाशी बसे, औषध पाजी, चुकीच्या वऱ्हाडीत रागावे. एका दुपारी मी तिथे असताना त्यांनी तिचा हात धरला.

"तुही माय आहे तिथं. तू बोलू नको. बोलाले आमी आहो."

तिनं मान हलवली. चार दिवसांनी ते गेले. मोक्षधामात ती अनिकेतशेजारी उभी होती. अकोल्यातल्या बायका तिच्याकडे बघत होत्या, पण तिला कशाचंच भान नव्हतं. तिच्या दोन्ही बापांपैकी एकाचाच देह तिला बघायला मिळाला होता.

गेल्या महिन्यात त्या समितीचं काम पुन्हा सुरू झालं. कायद्याचा मसुदा अडकला होता. अशा धमक्या खरोखर दिल्या जातात याचा पुरावा काय, असं काही सभासद म्हणत होते. बापूसाहेबांची जबानी ऐकीव ठरवायचा त्यांचा प्रयत्न चालला होता, आणि उलटतपासणीला आता बापूसाहेब नव्हते. माझ्या घरच्यांनी 'कशाला अंगावर ओढवून घेतेस' म्हणून पाहिलं. मी काळा कोट घातला आणि त्याच टेबलाशी बसले.

अध्यक्षबाईंनी विचारलं, मयत वकिलांशी तुमचं नातं काय?

"मी त्यांची ज्युनियर," मी म्हटलं. "दोन्ही वेळा फोन आला तेव्हा मी समोर बसले होते. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. विचारा."